दाराखालून आलेलं पाणी

ठकीला चावलं तेव्हा मी मोबाइल बघत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांच्या चुका काढणार आहे.

संध्याकाळचे सात वाजले होते. सोसायटीचं फाटक, माझ्या मनगटाला ठकीचा सैल पट्टा. बी विंगमधला मोठा काळा कुत्रा मालकाच्या हातून पट्ट्यासकट सुटला, धावत आला आणि त्याने ठकीची मान धरली. ठकी आमची रस्त्यावरून घरी आलेली, चौदा किलोची, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारी. पुढचा अर्धा मिनिट मला सलग आठवत नाही. आवाज तेवढा आठवतो. कुत्र्याच्या घशातून असा आवाज निघू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

अकरा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, कुत्र्याच्या चाव्यात वरून दिसतं ते फक्त भोक. दात रुतवून झटका दिला की आत कातडी मांसापासून सुटते आणि खरी जखम तिथे असते. म्हणून त्यांनी जखम धुऊन आत एक नळी ठेवली, गळ्यात प्लास्टिकचा कोन घातला आणि रेबीजची लस पुन्हा सुरू केली. तिसऱ्या दिवशी बी विंगमधले काका पाकीट घेऊन आले. पाकिटात बिलाची अर्धी रक्कम होती. ‘‘शेवटी दोन्ही कुत्रीच. अर्धं तुमचं, अर्धं आमचं करू,’’ असं ते म्हणाले. आई काही बोलायच्या आत मी दार लावून घेतलं.

त्या रात्री ठकी कण्हत होती आणि झोप येणं शक्य नव्हतं. मी शोधायला लागले की हे अर्ध्याचं गणित या माणसाने आणलं कुठून.

ते गणित निघालं सुमारे ३८०० वर्षांपूर्वीचं.

बगदादजवळ तेल हरमल नावाच्या टेकाडात १९४५ आणि १९४७ साली मातीच्या दोन पाट्या सापडल्या. त्यांवर एश्नुन्ना नावाच्या राज्याचे कायदे कोरलेले होते. त्यात एक कलम असं आहे, की एका बैलाने दुसऱ्या बैलाला शिंग मारून ठार केलं, तर दोन्ही मालकांनी जिवंत बैलाची किंमत आणि मेलेल्याचं धूड वाटून घ्यावं. म्हणजे निम्मं निम्मं. बायबलच्या निर्गम या पुस्तकातही जवळजवळ हाच नियम येतो. त्यात पुढे एक पुस्ती आहे: बैल मारका आहे हे मालकाला आधीपासून ठाऊक असूनही त्याने आवरला नसेल, तर अर्ध्याची सवलत नाही. बैलाच्या बदल्यात पुरा बैल द्यायचा.

आमच्या वॉचमनने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, की त्या काळ्याने दिवाळीत एका पिल्लाला धरलं होतं. म्हणजे माहीत होतं. रात्री दोन वाजता मेसोपोटेमियाच्या विटांवरून मी शेजाऱ्यावर खटला चालवत होते आणि जिंकतही होते.

एश्नुन्नाच्या त्याच पाट्यांवर कुत्र्याचंही कलम आहे. कुत्रा पिसाळलाय असं अधिकाऱ्यांनी मालकाला कळवलं, तरी त्याने बांधला नाही आणि तो चावून माणूस मेला, तर मालकाने चाळीस शेकेल चांदी मोजायची. गुलाम मेला तर पंधरा. कुत्र्याला कुत्रा चावला तर काय, ते नाही. अथेन्समध्ये सोलोनने चावऱ्या कुत्र्याला तीन हात लांबीचं लाकडी लोढणं अडकवून मालकाने तो चावलेल्याच्या हवाली करावा, असा कायदा केल्याचं प्लुटार्क लिहितो. तिथेही विचार माणसाचाच. आपल्या आजच्या भारतीय न्याय संहितेतलं कलम २९१ घ्या. पाळीव प्राण्याबाबत हलगर्जीपणा केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पण धोका माणसाच्या जिवाला असायला हवा. ठकी या कलमात बसत नाही.

सगळ्यांत नेमकं सापडलं ते याज्ञवल्क्यस्मृतीत. व्यवहाराध्यायात एक श्लोक आहे, त्याचा आशय असा: दात असलेल्या किंवा शिंगं असलेल्या जनावराचा मालक, सोडवणं हातात असूनही सोडवत नसेल तर त्याला पहिल्या पायरीचा दंड, आणि समोरच्याने आरडाओरडा करूनही सोडवलं नाही तर दुप्पट. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ ही याच स्मृतीवरची टीका, आणि बाराव्या शतकात उत्तर कोकणच्या शिलाहार राजाने, अपरार्काने, याच स्मृतीवर लिहिलं. म्हणजे आपल्या भागात हा श्लोक शतकानुशतकं वाचला गेला. मला त्यातला आरडाओरड्याचा भाग फार आवडला. जनावर चावलं हा गुन्हा नाही. समोर किंचाळी ऐकू येत असताना माणूस उभा राहिला, हा गुन्हा. आणि काका उभे होते. ‘‘टायसन, नो!’’ एवढं ते तिथूनच म्हणत होते.

पण खरं सांगायचं तर त्या अर्ध्या मिनिटात मीही काही केलं नव्हतं. मी पट्टा ओढत होते, जे करायचं नसतं, कारण ओढलं की दात आणखी फाडत जातात. काळ्याला खेचून काढलं ते इस्त्रीवाल्या दादांनी.

एमिली ब्राँटेला काय करायचं ते माहीत होतं. ‘वदरिंग हाइट्स’ लिहिणारी एमिली इंग्लंडात हॉवर्थ नावाच्या गावी राहायची, वडील चर्चमध्ये पाद्री. तिचा कीपर नावाचा धिप्पाड कुत्रा होता. गावातल्या कागदविक्याने लिहून ठेवलेली एक हकिगत आहे. कीपर आणि दुसरा एक तेवढाच मोठा कुत्रा गल्लीत एकमेकांच्या नरड्याला लागले होते. गावातले पुरुष बघत उभे होते. एमिली स्वयंपाकघरातून मिरपुडीची डबी घेऊन आली, एका हाताने कीपरची मान आवळली आणि दुसऱ्या हाताने दोघांच्या नाकांवर मिरपूड उधळली. कुत्री सुटली. ती कीपरला घेऊन घरात गेली. उभे असलेल्यांना एक शब्द बोलली नाही.

तिच्याबद्दलची दुसरी गोष्ट जास्त अंगावर येते. ती एलिझाबेथ गॅस्केलने शार्लट ब्राँटेच्या १८५७ सालच्या चरित्रात दिली आहे. जीभ बाहेर काढून धावणारा एक अनोळखी कुत्रा एमिलीला दिसला. तहानलेला असेल म्हणून ती त्याला पाणी द्यायला गेली आणि तो चावला. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, चुलीवरची लालभडक इस्त्रीची सळई उचलली आणि स्वतःच्या हाताने जखम डागली. धोका टळेपर्यंत घरात कुणाला सांगितलं नाही. हे शौर्य म्हणून वाचायची पद्धत आहे. मला ते भीती म्हणून वाचावंसं वाटतं. त्या काळी कुत्रा चावल्यावर करण्यासारखं तेवढंच होतं: डाग द्या आणि आठवडे मोजा.

१८०८ साली बायरनने डागही दिला नाही. कवी बायरन तेव्हा वीस वर्षांचा होता आणि त्याचा बोट्सवेन नावाचा न्यूफाउंडलंड जातीचा कुत्रा पिसाळला होता. हा आजार कुत्र्याला दुसऱ्या चावऱ्या जनावराकडूनच येतो. बोट्सवेनलाही तो असाच लागला. काय झालंय हे सुरुवातीला बायरनच्या लक्षातच आलं नाही. त्याचा चरित्रकार थॉमस मूर सांगतो, की बायरन उघड्या हातांनी त्याच्या तोंडाची लाळ पुसत होता. हाताला एखादा ओरखडा असता तर इंग्रजी कवितेचा इतिहास वेगळा झाला असता. बोट्सवेन नोव्हेंबरात गेला. बायरनने न्यूस्टेड अॅबीच्या बागेत त्याचं भलंमोठं स्मारक बांधलं आणि स्वतःलाही तिथेच पुरावं, असं १८११च्या मृत्युपत्रात लिहिलं. पुढे कर्जापायी ती वास्तू विकावी लागली. बायरन गावातल्या चर्चमध्ये आहे आणि कुत्रा बागेत एकटा आहे.

कुत्र्यासाठी एवढं? असं आमच्या एका नातेवाईकांनी फोनवर विचारलंच. त्यांच्यासाठी बायरन नको, जवळचं उदाहरण आहे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यात आतकूर नावाचं गाव आहे. तिथे साधारण इ. स. ९५०चा एक वीरगळ सापडला, तो आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याने चोळांना तक्कोलमच्या लढाईत हरवलं, त्या काळातला. गंग राजा बूतुग या लढाईत राष्ट्रकूटांच्या बाजूने होता. त्याचा मणलेर नावाचा सरदार होता. लढाईतल्या पराक्रमावर खूश होऊन राजाने विचारलं, काय हवं ते माग. मणलेरने राजाची काळी नावाची कुत्री मागितली. पुढे ही काळी एका रानडुकराशी झुंजली. दोघंही मेली. मणलेरने तिच्यासाठी दगड उभा केला, त्यावर कुत्री आणि डुक्कर झुंजताना कोरून घेतले, पूजेसाठी जमीन लावून दिली, आणि जो पुजारी दगडाची पूजा न करता जेवेल त्याला पाप लागेल, असंही कोरून ठेवलं. हजार वर्षांपूर्वीच्या त्या सरदाराला कुणीतरी ‘कुत्र्यासाठी एवढं?’ म्हटलं असणार. त्याशिवाय शापाची ओळ कशाला घालेल?

आपल्याकडे साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहूंच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहेच. वाघाच्या तडाख्यातून त्याने शाहूंना वाचवलं, असं सांगतात. कृष्णेच्या काठाला गेलात तर बघून या.

लस देताना ठकी हलत नाही. सुई दिसली की ती माझ्या काखेत तोंड खुपसते. आईच्या पिढीला रेबीज म्हटलं की पोटातली चौदा इंजेक्शनं आठवतात. ती लस डेव्हिड सेंपल या डॉक्टरने १९११ साली कसौलीत तयार केली होती, मेंढीच्या मेंदूपासून. भारतात ती २००४च्या अखेरीपर्यंत चालू होती. त्याआधीची कथा पाश्चरची. शाळेच्या पुस्तकात ती ६ जुलै १८८५ला सुरू होते: नऊ वर्षांचा जोसेफ मीस्टर, अंगावर चौदा चावे, आई त्याला घेऊन पॅरिसला येते. पण पुस्तकात नसलेलं पान त्याच्या आधीचं आहे. मीस्टरला सुई टोचायच्या आधी पाश्चरने पन्नास कुत्र्यांवर ती पद्धत वापरून पाहिली होती. १८८४ साली सरकारने नेमलेल्या समितीला खात्री पटवायची होती, तेव्हा लस दिलेल्या आणि न दिलेल्या कुत्र्यांना पिसाळलेल्या कुत्र्यांकडून मुद्दाम चावून घेतलं गेलं. कुत्र्याला कुत्रा चावतोय आणि दाढीवाले गृहस्थ टिपणं घेतायत, असं ते दृश्य. आज ठकीच्या मानेत जी सुई जाते तिची वाट त्या पिंजऱ्यांतून आली आहे. यावर काय म्हणावं मला कळत नाही. मी लस चुकवत नाही.

चौथ्या-पाचव्या दिवशी मला सगळ्याच कुत्र्यांचा राग यायला लागला. रस्त्यावरचं गरीब कुत्रं जवळ आलं तरी दगड उचलावासा वाटायचा. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर एकदम रणधुमाळी होती: काळ्याला हाकला, भटक्यांना हाकला, मग कुणीतरी लिहिलं, ‘सगळीच कुत्री बंद करा.’ सगळीच म्हणजे ठकीसुद्धा.

मुंबईने हे १८३२ साली करून पाहिलंय. पिसाळलेल्या कुत्र्यांच्या भीतीने भटकी कुत्री मारायचा हुकूम होता आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. आठ आणे तेव्हा थोडे नव्हते. मारणाऱ्यांनी मग भटकं-पाळीव बघणं सोडलं आणि घरांत शिरून कुत्री ओढून न्यायला लागले. ६ जूनला कोटात पारशांनी त्यांना अडवलं आणि पोलिसांना मार पडला. पारशांसाठी हा नुसता मायेचा प्रश्न नव्हता: माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्या विधीला सगदीद म्हणतात. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमान दुकानदारही उतरले, आणि गोऱ्या पलटणीला जाणारा शिधा अडला. सैन्य बोलवावं लागलं, धरपकड झाली. पण दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी मुंबईत पांजरापोळ उभं केलं. अर्ध्या शतकाने परळला जनावरांचं इस्पितळ निघालं आणि १८८६ मध्ये पशुवैद्यक कॉलेज. मुंबईत आज कुत्र्याला टाके घालणारे हात शिकतात ते परळला, आणि त्या रस्त्याच्या मागच्या टोकाला आठ आण्यांचं ते बक्षीस आहे.

मी ग्रुप म्यूट केला.

टाके दहाव्या दिवशी निघाले. जखम भरली. मला वाटलं होतं, संपलं. पण ठकी जिना उतरेना. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. ती दारापर्यंत यायची, उंबऱ्यावर थबकायची आणि थरथरायला लागायची. खाली कुठेही साखळीचा आवाज आला की पलंगाखाली. शू-शी गच्चीवर. डॉक्टर म्हणाले, शरीराचं काम झालं, आता तुमचं.

मग मला २३ सप्टेंबर १९२४ सापडला.

त्या दिवशी लेनिनग्राडमध्ये नेवा नदीला पूर आला. इव्हान पाव्हलॉव्हच्या प्रयोगशाळेतली कुत्री खालच्या पातळीवरच्या पिंजऱ्यांत होती. पाव्हलॉव्ह म्हणजे घंटा आणि लाळ, हे आपल्याला माहीत असतं. पाणी पिंजऱ्यांत चढत गेलं, कुत्री पोहत पोहत छताला टेकली. पिंजऱ्यांची दारं खाली होती, त्यामुळे सोडवायला आलेल्यांना एकेका कुत्र्याचं डोकं पाण्याखाली दाबून त्याला दारातून बाहेर ओढावं लागलं. वाचवणाऱ्याचा हातच बुडवतोय, असा तो अनुभव असणार. पूर ओसरला. काही कुत्री आधीसारखीच होती. काही मात्र सगळं शिकलेलं विसरली होती: घंटा वाजली तरी लाळ नाही, समोरचं अन्नही खात नव्हती.

पंचाहत्तरीच्या पाव्हलॉव्हने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या एका कुत्र्यावर बराच काळ काम केलं. त्यांच्या लक्षात आलं, की रोजचा ओळखीचा माणूस, डॉक्टर स्पेरान्स्की, खोलीत कुत्र्याजवळ नुसता बसला की हरवलेलं परत येतं. तो बाहेर गेला की पुन्हा जातं. पुढे त्यांनी त्याचे फक्त कपडे खोलीत ठेवून पाहिले, कुत्र्याला दिसणार नाहीत असे. वासानेही काम होत होतं. कुत्रा हळूहळू पूर्ववत झाला. मग त्यांनी, संशोधकच ते, त्याच्या खोलीच्या दाराखालून पाण्याची एक बारीक धार आत सोडली. कुत्रा उडी मारून उठला, धापा टाकत सैरावैरा व्हायला लागला, आणि परत सगळं विस्कटलं.

हे वाचताना मी ठकीकडे बघितलं. आमच्याकडे दाराखालून साखळीचा आवाज येतो.

अमेरिकेत १९६७च्या सुमारास मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना सुटका नसलेले विजेचे झटके दिले. नंतर सुटायचा रस्ता मोकळा असूनही बरीच कुत्री पडून राहिली. पुढच्या वर्षी त्यांनी त्यांना बरंही केलं: पट्टा लावून, आडव्या फळीवरून ओढत ओढत पलीकडे नेलं, पुन्हा पुन्हा, इतक्या वेळा की शेवटी कुत्री आपणहून जायला लागली. हे प्रयोग मला वाचवत नाहीत. पण उपाय तर दोनच दिसत होते: कपडे ठेवा, नाही तर पट्टा ओढा. सेलिग्मनच्या पद्धतीने मी एकदा ओढून पाहिलं. ठकी पहिल्या पायरीवर मुतली आणि मी तिथेच बसून रडले. पट्टा मी एकदा आधीच ओढला होता.

त्यानंतर मी माझा न धुतलेला जुना टी-शर्ट जिन्याच्या पहिल्या वळणावर ठेवला आणि शेजारी बसले. मोबाइल घरात. चार दिवसांनी ती तिथपर्यंत आली. मग टी-शर्ट एक मजला खाली. इस्त्रीवाले दादा कपडे द्यायला वर येताना तिच्याशी चार शब्द बोलतात, थांबतात.

बी विंगच्या काकांचं पाकीट आईने ठेवून घेतलं होतं, मला न सांगता. मला ते गेल्या आठवड्यात कळलं. काळ्याला आता मुसकं घालून मागच्या फाटकाने नेतात, तेही आईनेच जाऊन ठरवून आली. अर्धे पैसे घेतल्यावर बोलता येतं, असं तिचं म्हणणं. मी तिला निर्गममधली मारक्या बैलाची पुस्ती ऐकवली. तिने कुकरची शिट्टी होईपर्यंत ऐकून घेतली.

काल ठकी दुसऱ्या मजल्यापर्यंत आली. खाली कुणीतरी सायकलची साखळी ओढली, ती तिथेच खाली बसली, कान मागे. पण वर पळाली नाही. मी टी-शर्ट तिथेच राहू दिला आहे.